बजीचे पिल्लू वाढवावे कुणी?

पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत 'हँडफेड' हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. आईबापांनी वाढवलेल्या बजीपेक्षा माणसाने सिरिंजने भरवलेल्या बजीला जास्त किंमत मिळते. तो बोटावर येतो, खांद्यावर बसतो, माणूस जवळ गेला की जाळीवर आदळत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे पिल्लू स्वतः दाणे टिपू लागण्याआधीच विकणे. गिऱ्हाइकाला पिल्लासोबत एक सिरिंज, भुकटीचे पाकीट आणि 'दिवसातून चार वेळा भरवा, म्हणजे त्याला तुमचा लळा लागेल' एवढा सल्ला मिळतो. घरात लहान मुले असली की हा सौदा फार गोड वाटतो. पण बजीच्या पिल्लाच्या पहिल्या सहा आठवड्यांत काय काय घडते ते नीट पाहिले, तर हा सल्ला पिल्लाच्याही हिताचा नाही आणि पाळणाऱ्याच्याही, हे लक्षात येते. पिल्लू हाताने वाढवणे हा अडचणीच्या वेळचा उपचार आहे. जीव वाचवण्यासाठी तो जरूर करावा आणि करायचा तर पुरता शिकून करावा. पक्षी माणसाळावा एवढ्यासाठी मात्र तो करू नये, कारण त्यासाठी त्याची गरजच नाही.

बजी म्हणजे बजेरीगर. हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला लहानसा पोपट. आपल्या बाजारात त्याला सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले आणि वेगळे. 1805 मध्ये जॉर्ज शॉ यांनी बजीचे शास्त्रीय वर्णन केले आणि 1840 मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेले. तेव्हापासून तो जगभरच्या घरांत पोचला. रानात त्याचा रंग हिरवा-पिवळा असतो. निळे, पांढरे, करडे बजी ही पिंजऱ्यातल्या पैदाशीची देणगी. रंग बदलले, तरी पिल्लू वाढवण्याची रीत तीच राहिली. त्याच्या मूळ मुलखात पावसाचा भरवसा नसतो. पाऊस झाला, गवताला बी धरले की थवे तिथे उतरतात, निलगिरीच्या ढोलीत अंडी घालतात आणि दाणे संपायच्या आत पिल्ले उडती करतात. हाती असलेले दिवस थोडे, म्हणून सगळी वाढ विलक्षण वेगाने उरकते. आपल्याकडे ढोलीच्या जागी पिंजऱ्यात टांगलेले मडके किंवा लाकडी पेटी असते, पण आतला कारभार तोच.

मादी साधारणपणे चार ते सहा अंडी घालते, तीही एक दिवसाआड. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती उबवायला बसते आणि सुमारे अठरा दिवसांनी पिल्ले एकामागून एक बाहेर येऊ लागतात. त्यामुळे एकाच मडक्यात दहा दिवसांचे, डोळे उघडलेले थोरले आणि कालच जन्मलेले, जेमतेम दोन ग्रॅमचे धाकटे अशी भावंडे एकत्र असतात. नर बाहेरून दाणे आणून मादीला भरवतो आणि मादी ते अर्धवट पचवून पिल्लांना देते. पहिल्या काही दिवसांत तिच्या जठरातून पाझरणारा प्रथिनयुक्त रस हेच पिल्लांचे मुख्य अन्न असते. अगदी लहान पिल्लू भरवून घेताना पाठीवर उताणे असते, आणि मादी त्याची मान सांभाळत चोचीत चोच घालते. कुणाला कधी आणि किती, याचाही तिला अंदाज असतो. 1980 च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युडी स्टॅम्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बजीच्या कुटुंबांचे बारकाईने निरीक्षण केले. नर जास्त ओरडणाऱ्या पिल्लाकडे वळतो, मादी मात्र लहान पिल्ले मागे पडू नयेत अशा बेताने भरवते, असे त्यांना आढळले. म्हणूनच वयात एवढे अंतर असूनही धाकटे पिल्लू जगते.

घरट्यातून पिल्लाला अन्नाखेरीज आणखीही बरेच काही मिळते. साधारण पाचव्या आठवड्यात ते बाहेर पडते, पण लगेच स्वतंत्र होत नाही. पुढचे काही दिवस बाप त्याला भरवत राहतो. त्याच काळात ते आईबापांचे पाहून दाणा सोलायला शिकते आणि भावंडांशी खेळताना कुठे रेटायचे, कुठे माघार घ्यायची हे उमगत जाते. आवाजाचे शिक्षणही घरट्यातच सुरू होते. पोपटांत हे किती खोल रुजलेले असते ते व्हेनेझुएलातल्या चिमणीएवढ्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. या पोपटांत प्रत्येकाची स्वतःची अशी हाक असते. संशोधकांनी काही घरट्यांतली अंडी एकमेकांत बदलली. मोठ्या झालेल्या पिल्लांच्या हाका जन्मदात्यांपेक्षा त्यांना वाढवणाऱ्या जोडप्याच्या हाकांशी अधिक जुळल्या. म्हणजे थव्यात ज्या हाकेने पक्षी ओळखला जायचा, ती त्याला रक्ताने मिळत नाही, सांभाळणाऱ्यांकडून मिळते. माणूस सिरिंज घेऊन मध्ये येतो, तेव्हा अन्नासोबत या सगळ्याची जबाबदारीही तो अंगावर घेतो, आणि त्यातले बरेचसे त्याला देता येत नाही.

जे देता येते तेही सोपे नाही. पहिला प्रश्न उबेचा. नुकते जन्मलेले पिल्लू उघडे, आंधळे आणि स्वतःचे तापमान राखायला असमर्थ असते. त्याच्याभोवती सुमारे 36 अंश सेल्सिअस ऊब हवी. पिसांचे कोंब फुटले की 30 ते 32 अंश आणि अंग पिसांनी झाकले की 25 अंशांच्या आसपास पुरते. खोक्यात बल्ब लावून अंदाजाने भागत नाही. पिल्लाच्या अंगाजवळ तापमापक लागतो, आणि नको तेव्हा पिल्लाला सरकता यावे म्हणून खोक्याचा अर्धाच भाग तापता ठेवावा लागतो. सतत उजेड नको, म्हणून बल्बपेक्षा खालून ऊब देणारे पॅड बरे. हवा कोरडी पडली तर कातडी लालसर आणि सुरकुतलेली दिसू लागते; ओलावाही राखावा लागतो. तळ गुळगुळीत असेल तर पाय फाकतात आणि पुढे कायमचे अधू होतात, म्हणून कागदी रुमाल अंथरलेल्या लहान वाटीत पिल्लू ठेवतात. आपल्याकडे यात आणखी एक अडचण म्हणजे वीज. रात्री दोन तास वीज गेली तर हे सगळे यंत्र थंड पडते. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून तयार ठेवणे हा इथल्या उबेच्या खोक्याचाच भाग मानला पाहिजे.

दुसरा प्रश्न अन्नाचा, आणि इथे घरगुती शहाणपण दगा देते. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. त्यामुळे दूध-पोळीचा काला, दुधात भिजवलेले बिस्कीट, तान्ह्या बाळांसाठीचे दुधाची भुकटी असलेले खाद्य, यांतले काहीच चालत नाही. नुसती भाताची पेज पोट भरते, पण दोन ग्रॅमचे पिल्लू महिन्याभरात तीस ग्रॅमच्या आसपास नेण्याइतकी प्रथिने आणि कॅल्शियम तिच्यात नसते. पोपटवर्गीय पिल्लांसाठी तयार मिळणारी भुकटीच वापरावी, उकळून कोमट केलेल्या पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणात, दर वेळी ताजी कालवावी आणि उरलेली टाकून द्यावी. पहिल्या दिवसांत ती जवळजवळ पाण्यासारखी पातळ हवी, वयाबरोबर घट्ट होत जावी. तापमान 39 ते 41 अंश. याहून थंड अन्न पोटात पडून राहते. चार-पाच अंशांनी जास्त गरम अन्न आतून भाजते, आणि ही जखम दिसायला काही दिवस लागतात. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सारखे तापत नाही, वर कोमट आणि मध्ये कढत राहते. त्यापेक्षा वाटी गरम पाण्यात धरावी, ढवळावे आणि तापमापक बुडवून पाहावे. मनगटावर थेंब टाकून पाहण्याची बाळाच्या बाटलीची रीत इथे पुरेशी नाही.

प्रत्यक्ष भरवणे हे त्याहून नाजूक काम. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे उघडते. अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने खाली जाते. म्हणून पिल्लाच्या डाव्या कडेने, उजवीकडे रोख ठेवून अन्न सोडायचे असते. पिल्लू भुकेले असले की मान ताठ करून डोके वरखाली हलवू लागते. त्या लयीत गिळणे चालू असते आणि श्वासाची वाट बंद असते. भरवायचे ते तेवढ्याच वेळात. मान हलायची थांबली की हातही थांबला पाहिजे. नाही थांबला तर अन्न फुप्फुसांत जाते. पिल्लू तिथेच गुदमरते किंवा दोन दिवसांनी न्यूमोनियाने जाते. एका वेळचे प्रमाण वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दोन ग्रॅमच्या पिल्लासाठी ते होते 0.2 मिलिलिटर, म्हणजे चार थेंब. पहिल्या आठवड्यात असे दर दोन तासांनी, रात्रीचेसुद्धा. दुसऱ्या आठवड्यात तीन तासांनी. पुढे चार-पाच तासांनी. सिरिंजऐवजी दोन्ही कडा वर वळवलेला लहान चमचा बऱ्याच अनुभवी लोकांना जास्त सुरक्षित वाटतो, कारण चमच्यातून पिल्लू आपल्या गतीने घेते, सिरिंजमधून माणसाच्या.

भरवून झाले की काम संपत नाही. गळ्याच्या तळाशी एक अन्नपिशवी असते. पाळणारे तिला क्रॉप म्हणतात. पिल्लाची कातडी पातळ असल्याने आतले अन्न बाहेरून फुग्यासारखे दिसते. ती भरल्यावर मऊ लागावी, ताणलेली नको. पुढच्या वेळेपर्यंत ती जवळजवळ रिकामी व्हावी आणि रात्रीतून एकदा पूर्ण रिकामी व्हावी. ती तशीच फुगलेली राहिली, तर वरून आणखी भरवणे घातक; आतले अन्न आंबते, बुरशी वाढते, आणि हे पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याचे काम आहे. गार पडलेल्या पिल्लाला तर मुळीच भरवू नये. आधी ऊब, मग अन्न. थंड अंगात पचन चालतच नाही. रोज सकाळी पहिल्या घासाआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्यावे आणि लिहून ठेवावे. डोळ्यांना पिल्लू धडधाकट दिसत असते तेव्हाही वजन वाढायचे थांबलेले असू शकते, आणि आजाराची पहिली खूण बहुधा तीच असते. चमचा, सिरिंज, वाटी दर वेळी निर्जंतुक करणे आणि आपले हात आधी आणि नंतर धुणे हेही त्यातच आले. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसाला होणारा सिटाकोसिस हा आजार श्वासावाटे येतो. घरात लहान बाळ, गरोदर स्त्री किंवा आजारी वृद्ध असतील तर ही काळजी दुप्पट.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण भीती घालणे हे नाही. यातली एकेक गोष्ट शिकता येते आणि बरेच जण शिकलेलेही आहेत. पण ही यादी आजारी जिवाच्या शुश्रूषेची आहे हे त्यातून दिसावे. शाळा, नोकरी, प्रवास सांभाळून हौसेने बजी आणणाऱ्या घराकडून ती निभेल अशी अपेक्षा दुकानदाराने ठेवणे आणि तिचे ओझे पिल्लाच्या जिवावर टाकणे, हे चुकीचे आहे. मडक्यातली मादी हेच काम दिवसरात्र, तापमापक आणि काटा नसताना, चार-पाच पिल्लांसाठी एकाच वेळी करत असते. ती हे करायला तयार असताना तिच्या पुढ्यातून पिल्लू उचलायचे, तर त्याचा फायदा तेवढाच मोठा असायला हवा.

तो फायदा म्हणजे लळा, असे सांगितले जाते. हा दावा मनापासून तपासला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा भाग आहे. हाताने वाढवलेला बजी सुरुवातीला माणसाला खरोखरच कमी घाबरतो. प्रश्न एवढाच की हे श्रेय भरवण्याचे की हाताळण्याचे. वेंडी एंगस आणि जेम्स मिलम यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात ॲमेझॉन पोपटांवर केलेला अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पिल्ले आईबापांकडेच ठेवली, पण काही पिल्लांना नियमितपणे थोडा वेळ घरट्यातून काढून हातात घेतले, कुरवाळले आणि परत ठेवले. ही पिल्ले मोठी झाल्यावर बोटावर बसायला आणि हातून खायला तयार होती. न हाताळलेली पिल्ले तशी नव्हती. एक घासही न भरवता पक्षी माणसाळला. ॲमेझॉन पोपट बजीपेक्षा कितीतरी मोठा आणि बुजरा. बजी तर मुळातच थव्यात राहणारा, संगत शोधणारा पक्षी आहे. मडके पिंजऱ्यात टांगलेले असते. पिल्लाचे डोळे उघडल्यावर रोज दहा मिनिटे त्याला कोमट, स्वच्छ तळहातात घेऊन परत ठेवणे कुठल्याही पैदासकाराला जमण्यासारखे आहे.

'पण मोठा झालेला बजी शिकत नाही, बोलत नाही' अशीही एक समजूत असते. तिच्याविरुद्धचा पुरावा खुद्द बजीकडूनच मिळतो. जोडी जमताना नर बजी आपली हाक बदलून मादीच्या हाकेसारखी करून घेतो, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले गेले. म्हणजे नवा आवाज शिकण्याची त्याची शक्ती बालपणाबरोबर संपत नाही. ज्याच्याशी नाते जोडायचे त्याचा आवाज तो पूर्ण वाढ झाल्यावरही उचलतो. शब्द शिकायला लागते ती रोजची शांत, सलग संगत. आठ आठवड्यांचा, स्वतः खाणारा बजी घरी आणला तरी ती देता येते.

उलट बाजूला, फार लवकर आईबापांपासून तोडण्याची किंमत काय असते याचाही पुरावा आहे. 1988 मध्ये कॉकटील या बजीच्याच मुलखातल्या पोपटावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हाताने वाढवलेला नर असलेल्या जोड्यांमध्ये फलित अंड्यांचे प्रमाण घटलेले आढळले. हाताने वाढवलेल्या माद्या अंडी भरपूर घालत, पण अनेकदा पेटीत न घालता जमिनीवर घालत. न्यूझीलंडमधल्या काकापो या दुर्मीळ पोपटाचे उदाहरण तर जगजाहीर आहे. 1997 मध्ये जन्मलेला सिरोको हा नर श्वसनाच्या आजारामुळे लहानपणीच माणसांनी एकटाच वाढवला. त्याचा जीव वाचला, पण तो स्वतःला माणसांतलाच समजू लागला आणि मादीकडे वळेना. 2009 मध्ये चित्रीकरणाला आलेल्या प्राणिशास्त्रज्ञाच्या डोक्यावर चढून त्याने मीलनाचा प्रयत्न केला, ते दृश्य जगाने पाहिले. त्या अनुभवानंतर तिथे पिल्ले हाताने वाढवायची वेळ आलीच तर ती एकमेकांच्या सोबतीत वाढवण्यावर भर दिला जातो. बजी म्हणजे काकापो नव्हे आणि कॉकटीलही नव्हे, हे मान्य. हाताने वाढलेल्या प्रत्येक बजीचे असेच होईल असे कुणी म्हणू नये. पण पोपटकुळातल्या इतक्या वेगळ्या पक्ष्यांत एकाच दिशेचा परिणाम दिसतो, तेव्हा 'त्याने काही बिघडत नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी पिल्लू उचलणाऱ्यावर येते.

अनुभवी पैदासकारांचा आक्षेप यापेक्षा व्यावहारिक आहे. ते म्हणतात, आम्ही पहिले तीन आठवडे आईलाच भरवू देतो, नंतर काढतो. आमची पिल्ले मरत नाहीत. तिसऱ्या आठवड्यानंतर धोका कमी होतो हे खरे, आणि निष्णात हातांत पिल्ले जगतात हेही खरे. मात्र पिल्लू काढले जाते ते नेमके बापाकडून आणि भावंडांकडून शिकण्याचे दिवस सुरू होताना. शिवाय निष्णात हात पिल्लासोबत विकता येत नाही. पैदासकाराकडे जगणारे पिल्लू तीनच दिवसांनी एखाद्या घरात क्रॉप आंबून मरते, तेव्हा ते कुणाच्याच हिशेबात धरले जात नाही. नेदरलँड्सने 2014 पासून काही जातींच्या पोपटांची पिल्ले ठरावीक वयाआधी आईबापांपासून वेगळी करण्यावर कायद्याने निर्बंध घातले, ते याच प्रकारच्या विचारातून. आपल्याकडे बजीसाठी असा नियम व्हायची वाट पाहण्याचे कारण नाही. स्वतः खाऊ न लागलेले पिल्लू विकायचे नाही, एवढे प्रामाणिक विक्रेते आजच ठरवू शकतात.

मग ज्या पिल्लाला आईबापच उरले नाहीत त्याचे काय? मादी मरते, कधी ती पुढच्या अंड्यांच्या घाईत आधीच्या पिल्लांची पिसे उपटते, कधी नवखी जोडी पिल्लांकडे पाहतच नाही. अशा वेळी हस्तक्षेप करायलाच हवा, पण तोही पायरीपायरीने. आधी खात्री करावी: क्रॉप रिकामी आहे का, अंग गार आहे का, की आपल्यालाच घाई झाली आहे? क्रॉप भरलेली असेल तर मादी भरवते आहे, हात लावू नये. थोडे कमी पडत असेल तर पिल्लू मडक्यातच ठेवून दिवसातून एक-दोनदा वरचे भरवता येते. ऊब आणि बाकीचे काम आईकडेच राहते. मादी गेली पण नर असेल आणि पिल्लांना पिसे आली असतील, तर बरेचदा नर एकटा निभावून नेतो. तेही शक्य नसेल तर त्याच वयाची पिल्ले असलेल्या दुसऱ्या जोडीकडे पिल्लू सोपवावे. बजी बहुधा परके पिल्लू स्वीकारतात, आणि पैदासकार ही युक्ती वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. यांतले काहीच जमले नाही, तर हाताने वाढवायचे, आणि शक्यतो एकटे नव्हे, दुसऱ्या पिल्लाच्या सोबतीने, जिथे मोठ्या बजींचा आवाज ऐकू येईल अशा जागी. या शेवटच्या पायरीवर पोचलेल्या माणसाला माझा विरोध नाही, आदर आहे. रात्री दोनला उठून चार थेंब भरवणारा माणूस ते काम हौसेपायी करत नसतो.

कुणाच्या घरी असे पिल्लू येऊन पोचलेच असेल, तर त्याने सर्वांत जास्त सांभाळायची वेळ म्हणजे भरवणे सुटण्याची. चौथ्या आठवड्यापासून खाली राळे, बाजरीचे कणीस, मोड आलेले मूग, बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा पालक पसरून ठेवावे. पिल्लू चोचीने उगीचच खेळेल, सालासकट चघळेल, टाकून देईल. त्याला शिकणे म्हणतात. पोट भरणे म्हणत नाहीत. दाण्यांवर नुसती साले दिसली म्हणजे ते जेवते आहे असे धरून भरवणे बंद केले, की पिल्लू भरल्या वाटीशेजारी उपाशी राहते. उडायला लागण्याच्या सुमारास वजन थोडे उतरते, ते नैसर्गिक. पण उतरतच राहिले तर भरवणे पुन्हा वाढवावे. सकाळचा आणि रात्रीचा घास सर्वांत शेवटी सुटावा. पिल्लू मागत असताना उपाशी ठेवून शिकवणे ही शिस्त नव्हे, क्रौर्य आहे.

ज्यांना बजी हवा आहे पण अजून आणलेला नाही, त्यांच्यासाठी मार्ग सरळ आहे. सात-आठ आठवड्यांचा, आईबापांनी वाढवलेला, आपल्यासमोर दाणे सोलून खाणारा पक्षी निवडावा. कपाळावर चोचीपर्यंत आलेल्या बारीक काळ्या रेघा ही बहुतेक रंगांत कोवळ्या वयाची खूण. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसे झडतात तेव्हा त्या जातात. शक्य असेल तर दोन आणावेत, कारण आपण घराबाहेर असतो ते तास बजीलाही मोजावे लागतात. पहिले काही दिवस पिंजऱ्याजवळ नुसते बसावे, हळू बोलावे, मग जाळीतून कणीस धरावे, मग आत हात नेऊन तिथेच स्थिर ठेवावा. पंख कापून माणसाळवू नये. पळता न येणारा पक्षी शांत दिसतो, निर्भय होत नाही. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या बजीला अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडते, म्हणून हिरवी भाजी रोज आणि समुद्रफेसाचा तुकडा कायम. पावसाळ्यात राळ्याला बुरशी धरते. वास घेऊन पाहावे, शंका आली तर टाकावे. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट त्याला विष आहे, आणि स्वयंपाकघरात जास्त तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूर पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. नीट ठेवलेला बजी आठ-दहा वर्षे सोबत करतो. त्या हिशेबात, तो स्वतः खाऊ लागेपर्यंत सहा-सात आठवडे थांबणे काहीच नाही.

एक गोष्ट याच्याशी जोडून सांगितलीच पाहिजे. बजी पाळायला परवानगी आहे, पण आपला रानातला पोपट पाळायला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, आणि दर विणीच्या हंगामात त्याची पिल्ले ढोल्यांतून काढून विकली जातात तीही 'हातावर वाढवा, बोलायला शिकेल' याच आमिषाने. असे पिल्लू विकत घेऊ नका. झाडाखाली पडलेले सापडले तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. बजीच्या बाबतीत कायदा आड येत नाही, तिथे निर्णय गिऱ्हाइकाच्या हातात आहे. दुकानात कुणी स्वतः खाऊ न लागलेले पिल्लू आणि सिरिंज पुढे केली, तर एवढेच सांगा: स्वतः खायला लागला की न्यायला येऊ. दहा गिऱ्हाइके असे म्हणाली, की अकराव्या पिल्लाला त्याच्या आईकडे राहू दिले जाईल.